संयुक्त शिबिरातील कामाची वाटणी

(द्वितीय वर्ष, कला)

'स्काउट-गाईड' हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. ध्वजवंदनाच्या वेळी गळ्यात स्कार्फ घातलेली मुले आणि मुली शेजारी शेजारी उभी दिसतात. त्यामुळे तेथे सर्व काही एकत्रच चालत असावे, असा समज होतो. संघटना एकच आहे हे खरे. ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडची संघटनाही तिच्यात विलीन झाली. परंतु छप्पर एक असले तरी खोल्या दोन आहेत. शाळेत मुलांचे पथक निराळे, मुलींचे निराळे. महाविद्यालयात मुले रोव्हर होतात, तर मुली रेंजर. दोघे खऱ्या अर्थाने एकत्र येतात ते संयुक्त शिबिरात. तेथे कोणाच्या वाट्याला कोणते काम येते, आणि पर्यायाने कोण काय शिकून परत येते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या चळवळीत 'आत कोणाला घ्यायचे' हा प्रश्न जन्मापासूनच आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरविले. त्यात बड्या शाळांतील श्रीमंतांची मुले आणि कामकऱ्यांची मुले त्यांनी मुद्दाम एकत्र आणली. मुली मात्र नव्हत्या. दोनच वर्षांनी, १९०९ साली, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यात काही मुली स्काउटचा वेष करून न बोलावताच हजर झाल्या! त्यांना परत पाठविणे अवघड होते आणि मुलांत घेणे त्या काळी त्याहून अवघड. म्हणून १९१० साली गाईडची वेगळी संघटना निघाली आणि बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस हिच्याकडे ती सोपविण्यात आली. आपल्याकडेही १९०९ साली बंगलोरला पहिले पथक निघाले ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना दार बंद होते. म्हणून १९१६ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासला स्वतंत्र संघटना काढली आणि पुढे पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने सेवा समितीची संघटना उभी राहिली.

दार उघडून आत आल्यावर काय होते, हा मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो. स्काउटिंगचा कणा म्हणजे संघपद्धती. सहा ते आठ जणांचा संघ, त्यांच्यातलाच एक नायक, एक उपनायक. पाणी, सरपण, स्वयंपाक, तंबू, साफसफाई ही कामे संघातल्या सर्वांनी पाळीपाळीने करावयाची. आज चुलीपाशी असलेला उद्या कुदळ घेऊन चर खणायला जातो. पुस्तकातील धड्यापेक्षा या पाळीतूनच माणूस जास्त शिकतो.

मी नववीत असताना गाईडच्या शिबिराला गेले होते. तेथे एकही मुलगा नव्हता, साहजिकच खुंट्या ठोकायला आमच्याशिवाय कोणी नव्हते. खुंटी सरळ उभी ठोकायची नसते, तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवायचे, म्हणजे दोराला ताण बसला तरी ती उपटत नाही, हे आम्ही दोन तंबू कोसळल्यावर शिकलो. शौचासाठी चर आम्हीच खणले. लाकडांना दोर गुंडाळून भांडी ठेवण्याची घडवंची बांधली. त्या बांधणीची सुरुवात ज्या गाठीने होते तिला 'क्लोव्ह हिच' म्हणतात. आमच्या घरी खुंट्याला दावे बांधताना वडील हीच गाठ अंधारातही मारतात. मला तिचे इंग्रजी नाव तेवढे नवे होते. चार दिवसांत जे काही करता येण्यासारखे होते, ते सर्व आम्ही केले.

पुढे महाविद्यालयात आल्यावर संयुक्त शिबिर पाहिले. दिवसा मुलामुलींचे मिश्र गट, रात्री तंबू अर्थातच वेगळे. पहिल्या दिवशी ट्रकमधून तंबूंचे गठ्ठे उतरताच मुले तिकडे धावली. शिध्याची पोती उतरली, तेव्हा कोणीतरी सहज म्हणाले, "पोरींनो, तुम्ही हे घ्या." झाले! तासाभरात तंबू उभे राहिले आणि आम्ही कांदे चिरीत बसलो होतो. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, किंबहुना मुले मोठ्या आपुलकीने जड सामान आमच्या हातून काढून घेत होती. दुसऱ्या रात्री नकाशा व होकायंत्र घेऊन रानातून चालत जाण्याचा कार्यक्रम होता. "मुलींची जबाबदारी कोण घेणार?" या एका वाक्यावर आम्हाला मागे ठेवण्यात आले. सप्तर्षींतील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा सुमारे पाच पट पुढे वाढविली की ध्रुवतारा सापडतो, हे आम्हाला सकाळीच फळ्यावर शिकविले होते. तो तारा आम्ही चुलीपाशी बसूनही शोधला आणि तो सापडलाही. पण वाट सोडून गेल्यावर त्याच्या आधाराने परत वाटेला लागणे ही निराळी विद्या आहे, आणि ती त्या रात्री फक्त मुलांनाच मिळाली.

म्हणजे गंमत अशी, की केवळ मुलींच्या शिबिरात मी सर्व कामे शिकले आणि एकत्र शिबिरात निम्मीच. म्हणून एकत्र शिबिरे नकोत, असे म्हणणारी मंडळी आहेत. परदेशातही हा वाद मिटलेला नाही. ब्रिटनमध्ये स्काउट संघटनेने १९७६ साली मोठ्या वयाच्या विभागात मुलींना घेतले, १९९१ पासून सर्व विभागांत मुभा दिली आणि २००७ पासून सर्वच गटांना मुलींसाठी दार उघडावे लागले. तरीही तेथील गाईड संघटना आजही फक्त मुलींचीच आहे. अमेरिकेत 'व्हेंचरिंग' हा तरुण-तरुणींचा रानावनातील उपक्रम १९९८ पासून एकत्र चालतो. त्याहून लहान वयाच्या विभागात मुली २०१९ साली आल्या, पण त्यांची पथके वेगळी ठेवून. आपल्या पुण्यातील 'संगम' हे केंद्रही १९६६ साली उघडले ते जागतिक गाईड संघटनेचे.

मला हा सल्ला पटत नाही, कारण नुकसान एकट्या मुलींचे होत नाही. तिसऱ्या दिवशी आमच्यातील एका रेंजरने बाईंकडे पाळीचा तक्ता मागितला. बाईंनी पुठ्ठ्यावर चौकटी आखून नावे लिहिली आणि तो तक्ता झाडाला टांगला. त्या दिवशी पिठले करण्याची पाळी एका रोव्हरची आली. आम्ही हसण्याच्या तयारीत होतो. त्याने मात्र गुठळी होऊ न देता तीस माणसांचे पिठले केले. तो खोली घेऊन राहतो आणि दोन वर्षे हाताने करून खातो. "मग पहिल्या दिवशी का नाही आलास?" असे विचारले, तर म्हणाला, "सगळे तंबूकडे पळाले, म्हणून मीही पळालो. चुलीकडे आलो असतो तर पोरांनी नाव ठेवले असते." त्याच दुपारी वाऱ्याने सैल झालेला मुख्य तंबू आम्ही तिघींनी पुन्हा ताणून बसविला.

तक्ता लागला तो तिसऱ्या दिवशी आणि शिबिर होते पाच दिवसांचे. रात्रीची रानवाट तोपर्यंत होऊन गेली होती. या वर्षीच्या शिबिराची यादी सध्या सूचनाफलकावर लागली आहे. ट्रक येण्यापूर्वीच तक्ता तयार असावा आणि रात्रीच्या फेरीसाठी दोन बाई शिक्षिका बरोबर असाव्यात, असा अर्ज आम्ही रोव्हर व रेंजर मिळून लिहिला आहे. त्यावर मुलींपेक्षा मुलांच्या सह्या दोनने जास्त आहेत.