भेगेचे टोक

घाटकोपरच्या भटवाडीत एका जुन्या इमारतीच्या अंगणात एक बुलेट मोटारसायकल उभी असे. आजोबांनी ती 1972 साली घेतली होती. माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात नोकरीला असताना ते तिच्यावरूनच कामावर जात. आता गाडी क्वचितच रस्त्यावर निघे; परंतु दर रविवारी तिला पुसून लख्ख करण्याचा आजोबांचा नेम कधी चुकला नाही.

श्रावणातील एका सकाळी अंगणात धाडकन आवाज झाला. गाडी आडवी पडली होती. शेजारचे लहान मूल क्षणापूर्वीच तेथून दूर गेले होते, म्हणून अनर्थ टळला. दीडशे किलोंहून अधिक वजनाची ती गाडी त्याच्या अंगावर पडली असती, तर! सर्वांच्या काळजात धस्स झाले.

आजोबांनी वाकून पाहिले. बाजूचा स्टँड ज्या पोलादी कानाला बोल्टने जोडलेला होता, तो कानच तडकून वाकला होता. “गेल्या वर्षीच येथे वेल्डिंग करून घेतले होते. त्या कारागिराने काम कच्चे केले!” आजोबा रागाने म्हणाले. त्यांची बारा वर्षांची नात शेजारीच उभी होती. ती मान खाली घालून गप्प राहिली.

दोघेजण गाडी ढकलत असल्फ्याच्या एका मिस्त्रींकडे गेले. भांडुपला एकेकाळी लॅम्ब्रेटा स्कूटर बनविणारा कारखाना होता. मिस्त्रींनी कामाचा श्रीगणेशा तेथेच केला होता. आजोबांची तक्रार ऐकून ते शांतपणे म्हणाले, “काका, चूक कोणाची, ते आपण भेगेलाच विचारू.”

त्यांनी कानावरचा रंग व वेल्डिंगचा जुना थर कानशीने घासून काढला. तेथे रॉकेल लावले, फडक्याने कोरडे पुसले आणि वर खडूची पूड भुरभुरली. थोड्याच वेळात पांढऱ्या पुडीवर एक ओलसर, काळपट रेघ उमटली. भेगेत शिरलेले रॉकेल खडूने शोषून घेतले होते. डोळ्यांना दिसत होती त्याहून भेग बरीच लांब होती.

“हे पाहा,” मिस्त्री म्हणाले, “भेगेचा बराच भाग गंजून काळा पडला आहे. टोकाशी मात्र धातू चकाकतो. म्हणजे ही भेग आजची नव्हे. ती रोज थोडी थोडी वाढत होती. मागच्या कारागिराने ती वरून झाकली, हे खरे. पण पोलाद आपणहून असे तडकत नाही. स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीवर कोणी बसत असे काय?”

आजोबा काही बोलणार, तोच नात हळूच म्हणाली, “काका, मी बसत असे. माझ्या मैत्रिणीही बसत. आम्ही गाडी चालविल्यासारखे डोलत असू.” तिचे डोळे भरून आले.

आजोबा क्षणभर स्तब्ध राहिले. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “खरे बोललीस, हे चांगले केलेस. दोष देण्याची घाई मीही केली. तार एकदा वाकविली तर तुटत नाही. पण पुनःपुन्हा वाकविली की तुटते. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस मोडून आगगाडीला भीषण अपघात झाला. असे आस का मोडतात, याचा शोध पुढे जर्मनीतील ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने घेतला. एका वेळी सहज पेलणारा भारही वारंवार पडला, तर धातू थकतो, असे त्याने प्रयोगांनी दाखविले.”

मिस्त्रींनी आधी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवली व बॅटरीच्या तारा सोडविल्या. वाकलेला कान तापवून सरळ केला. मग भेगेच्या अगदी टोकाला ड्रिलने एक बारीक भोक पाडले.

“काका, आधीच भेग, त्यात आणखी भोक कशाला?” नातीने विचारले.

“कापड फाटू लागले, की चीर टोकदार शेवटाकडूनच पुढे धावते ना? सारा ताण त्या टोकावर एकवटतो. टोक गोल केले, की ताण पसरतो आणि भेग थांबते.”

नंतर त्यांनी ग्राइंडरने भेगेच्या जागी खोल खाच केली, म्हणजे वेल्डिंगचा रस तळापर्यंत पोहोचेल. वेल्डिंगच्या प्रखर उजेडाने डोळ्यांस इजा होते, म्हणून त्यांनी दोघांना बाहेर पाठविले. थोडथोडे वेल्डिंग करून त्यांनी खाच भरली. वर एक त्रिकोणी आधारपट्टी जोडली आणि पाणी न ओतता लोखंड सावकाश थंड होऊ दिले. शेवटी स्टँडचा नवा बोल्ट व नवी स्प्रिंग बसविली.

सायंकाळी गाडी पुन्हा अंगणात आली. पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीत स्टँड रुतू नये, म्हणून नातीने त्याखाली एक जाड फळी ठेवली. मैत्रिणी धावत आल्या. एकीने गाडीवर चढण्यासाठी पाय उचलला, तेव्हा नातीने तिचा हात धरला. “थांब,” ती म्हणाली, “आधी तुला एक गोष्ट सांगते.”