मोटारसायकलीची तीनचाकी : शेतांतील उपयोग आणि त्याच्या मर्यादा

शहादा तालुक्यांतील ब्राह्मणपुरी व तिच्या आसपासच्या काळ्या जमिनींत कोळपणीची निकड सर्वांस एकाच पंधरवड्यांत लागते. पावसानें उघडीप दिली, वाफसा आला, कीं प्रत्येकास जोडी हवी असते. आणि बैल बाळगणारीं घरें तर कमी होत चाललीं आहेत. मोठा ट्रॅक्टर उभ्या पिकांत शिरत नाहीं. अशा वेळीं दाराशीं उभी असलेली जुनी मोटारसायकल घरच्या घरीं तीनचाकी करून औतास जुंपावी, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. विचार टाकाऊ नाहीं. पण अशी गाडी कोणतें काम करील, कोणतें करणार नाहीं, आणि कोठें जिवावर बेतेल, हें आधीं समजून घेतलें नाहीं तर गाडीही जाते व हंगामही जातो. म्हणून प्रस्तुत लेखांत त्याचा हिशेब मांडला आहे.

पूर्वीचे प्रयोग

दुचाकीची तीनचाकी करणें ही गोष्ट नवी नव्हे. आपल्याकडे प्रवासी व माल वाहणारी ‘आपे’ सर्वांच्या परिचयाची आहे. इटलींतील पियाजिओ कंपनीनें १९४६ सालीं ‘व्हेस्पा’ नांवाची स्कूटर काढली व १९४८ सालीं तिच्याच मागील अंगास एकाऐवजीं दोन चाकें देऊन ‘आपे’ तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विकून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींस मागें दोन चाकें व बैठका जोडून दिल्लींत ‘फटफटी’ या नांवानें भाड्याच्या गाड्या कित्येक वर्षें चालल्या.

शेतकऱ्यांस अधिक जवळचें उदाहरण मात्र शेजारच्या गुजराथेंतील आहे. अमरेली जिल्ह्यांतील मोटा देवळिया येथील मनसुखभाई जगाणी या कारागिरानें १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलीचें मागील चाक काढून त्या जागीं दोन चाकांचा व औतें अडकविण्याच्या आडव्या दांड्याचा जोड बसविला. त्यास ‘बुलेट सांती’ म्हणतात. सौराष्ट्रांत बैल व मजूर यांची जी टंचाई होती, तिच्यांतून ही युक्ति निघाली. तिला भारतांत पेटंट मिळालें व २००५ सालीं अमेरिकेंतही मिळालें. तिचा खरा गुण असा कीं, काम संपल्यावर जोड काढून गाडी पुन्हा पूर्वीसारखी दुचाकी करतां येते. जो कोणी घरीं हा उद्योग करील त्यानें हा गुण नजरेआड करूं नये. तो कां, हें पुढें येईलच.

जोर आणि पकड

साधारण समजूत अशी कीं, लहान गाडीस नांगर ओढण्याइतका जोर नसतो. हिशेब करतां निराळेंच दिसतें. चाकावर जितकें वजन, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंतच भुसभुशीत जमिनींत ओढ मिळते. माणसासह तीनचाकीचें वजन २५० किलो व त्यांतील १६५ किलो मागच्या दोन चाकांवर धरल्यास ओढ सुमारें ५५ किलोची होईल. ताशीं ४ किलोमीटर वेगानें एवढी ओढ देण्यास एक अश्वशक्तीही पुरते, आणि १०० सी.सी.ची गाडी सात-आठ अश्वशक्तीची असते. म्हणजे जोर कमी पडत नाहीं, पकड कमी पडते. चांगली बैलजोडी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी ओढ सतत देते. ८०० किलोच्या जोडीची ती ८० किलो झाली, आणि अडल्या वेळीं ती क्षणभर त्याच्या कितीतरी पट जोर लावते.

यावरून पहिला धडा असा निघतो कीं, ही गाडी कोळपण्याची आहे, नांगरण्याची नव्हे. कोळपें, हलका वखर व लहान पाभर एवढींच औतें तिला जुंपावीं. मागें वजन लादून किंवा चाकांस लोखंडी दांते लावून पकड वाढते, पण अति वजनानें ओली काळी जमीन दाबली जाते. वाफसा नसतां शेतांत शिरूंच नये.

वेग कमी करणें

मोटारसायकल पहिल्या गिअरमध्येंसुद्धां शेतासाठीं फार वेगानें धांवते. चाकाचा घेर सहा फूट धरल्यास ताशीं ४ किलोमीटर वेगास चाकाचे मिनिटास सुमारें ३६ फेरे होतात. इंजिन त्या वेळीं मिनिटास ४,००० फेरे फिरत असेल तर इंजिनाच्या ११० फेऱ्यांस चाकाचा एक फेरा पडला पाहिजे. लहान गाडींत पहिल्या गिअरचें हें प्रमाण ३५ च्या आसपास असतें. म्हणून मध्यें एक जादा दांडा घालून त्यावर दोन दातेरी चक्रें बसवावीं व आणखी तिप्पट घट करावी. १४ व ४३ दात्यांची जोडी या कामीं बरोबर येते. ही घट न करतां क्लच अर्धा दाबून गाडी सावकाश चालविणारे थोड्याच दिवसांत क्लचच्या चकत्या जाळून बसतात.

वेग कमी झाला कीं दुसरी अडचण येते. मोटारसायकलीचें इंजिन धांवतांना लागणाऱ्या वाऱ्यानें निवतें. बैलाच्या चालीनें जाणाऱ्या गाडीस तो वारा मिळत नाहीं. ऑटोरिक्षांत याचसाठीं पंखा व त्याभोंवतीं पत्र्याचें वेष्टण असतें. तशी सोय केल्यावांचून दुपारच्या उन्हांत सलग काम घेऊं नये.

चाकांतील अंतर

पुढील चाक मधोमध असल्यामुळें मागील चाकांतील अंतर मन मानेल तें ठेवतां येत नाहीं. दीड फुटांवर पेरलेल्या पिकांत तें बरोबर तीन फूट ठेवावें, म्हणजे तिन्ही चाकें तीन लगतच्या पाटांतून जातात व ओळी चाकांच्या मध्यें राहतात. मात्र आंस जमिनीपासून फुटभरच उंच असतो. पीक त्याहून वाढलें कीं हें काम थांबवावें. कापसाच्या चार फुटी पाटांत तिन्ही चाकें एकाच पाटांतून न्यावीं लागतात, म्हणून अंतर दोन फुटांवर आणावें लागतें. आणि येथेंच खरा धोका आहे.

तोल

दुचाकी वळणावर आंत झुकते व पडत नाहीं. तीनचाकीस झुकतां येत नाहीं. तिला वळण बाहेर फेकतें. शिवाय तिचा पाया त्रिकोणी असल्यानें पुढील चाकाकडे तो निमुळता होतो. माणसासह गाडीचा भारमध्य अडीच फूट उंचीवर व पुढील चाकापासून दोन-तृतीयांश अंतरावर धरून हिशेब केला, तर तीन फुटी गाडी २० फूट त्रिज्येच्या वळणावर ताशीं १७ किलोमीटरच्या सुमारास उलटूं लागते. दोन फुटी गाडी १४ च्या सुमारासच. बांधावर तिरपें चढतांना याहूनही कमी वेग पुरतो. सवयीनें हात दुचाकीचाच राहतो, व तोच घात करतो. म्हणून शेतांत माणसाच्या चालीहून अधिक वेग घेऊं नये, बांध नेहमीं सरळ चढावा, व मागें दुसऱ्यास, विशेषतः मुलांस, कदापि बसवूं नये.

काम करवितांना

गांवांतील लोहार व फिटर यांजकडून काम करवितांना पुढील गोष्टी पाहाव्या. (१) मूळ चौकट कापूं नये. जोड नट-बोल्टानें मागील चाकाच्याच जागीं बसवावा. (२) मागील चाकाबरोबर त्याचा ब्रेकही निघून जातो. नव्या आंसावर ब्रेक बसविल्याशिवाय गाडी चालवूं नये. (३) एकसंध आंसानें दोन्ही चाकें सारखींच फिरतात; मऊ मातींत तें चालतें, कठीण रस्त्यावर मात्र वळतांना गाडी सरळच ढकलली जाते. (४) चेन व चक्रें यांवर पत्र्याचें झांकण हवें. धोतराचा सोगा वा लुगड्याचा पदर अडकण्यास क्षण लागत नाहीं. (५) गाडीस मागें जाण्याचा गिअर नसतो, म्हणून वळण्यासाठीं शेताच्या टोकास मोकळी पट्टी सोडावी.

कायदा

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेंत नोंदणीशीं विसंगत असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अशा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. अपंग व्यक्तीसाठीं गाडी अनुकूल करून घेण्याची वेगळी तरतूद आहे, पण तीही नोंदणी अधिकाऱ्यामार्फतच. म्हणून काम आरंभण्यापूर्वीं नंदुरबारच्या परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें, जी गाडी रस्त्यावर पुन्हा आणावयाची नाहीं तिची नोंदणी रीतसर रद्द करावी, आणि जोड लावलेली गाडी सडकेवर मुळींच नेऊं नये. अशा गाडीनें अपघात झाल्यास विम्याची भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो, व सर्व भार मालकाच्या जमिनीवर येतो.

लाभ किती

तीन फूट रुंद औत ताशीं ४ किलोमीटर वेगानें चालल्यास एक एकर सव्वा ते दीड तासांत उरकेल. बुलेट सांतीनें एकराची मशागत अर्ध्या तासांत व सुमारें दोन लिटर इंधनांत होते, असें सांगण्यांत येतें. तो आंकडा आपल्या औताच्या रुंदीशीं व वेगाशीं ताडून मगच धरावा. ज्याची जमीन दोन-चार एकर आहे त्यानें एकट्यानें हा खर्च करण्यापेक्षां शेजारच्या चार-पांच शेतकऱ्यांनीं मिळून एक जोड करवावा व कोळपणीच्या दिवसांत पाळीपाळीनें वापरावा, हें अधिक सोईचें.

एवंच, मोटारसायकलीची तीनचाकी ही बैलाची जागा सर्वस्वीं घेणारी वस्तु नव्हे. तिला हलकें औत, बैलाची चाल व शेताची हद्द या तीन मर्यादांत ठेवलें तर ती हंगामाच्या ऐन निकडींत हात देईल. यांतील एकही मर्यादा ओलांडली तर ती कोळप्याहून महाग पडेल.