धूर खेळातला, शहाणपण खरं

प्रश्न : मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. घरात आग लागली तर बाहेर कसं पडायचं, हे मुलांना शिकवायचं आहे. पण काही पालक म्हणतात, ‘उगाच घाबरतील.’ काय करू?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, जरूर शिकवा. काय करायचं ते ठाऊक नसलं की मूल जास्त घाबरतं. मग ते पलंगाखाली लपतं आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. आगीचे व्हिडिओ मात्र दाखवू नका, खेळातून शिकवा.

प्रत्येकाला आपल्या घराचा नकाशा काढू द्या. बाहेर पडायच्या दोन वाटा हिरव्या खडूने रंगवायच्या. दुसरी वाट कोणती, ग्रिलची किल्ली कुठे असते आणि बाहेर सगळ्यांनी कुठे जमायचं, हे घरी विचारून यायचं. पालकही आपोआप सामील होतील.

वर्गात दोघांनी कमरेच्या उंचीवर चादर धरायची : हा धूर. बाकीच्यांनी खालून रांगत जायचं, कारण धूर वर चढतो. बंद दाराला तळहाताची मागची बाजू लावायची; गरम लागलं तर उघडायचं नाही. वाटच नसेल तर दार बंद ठेवून, फटीत कपडा कोंबून खिडकीतून हाका मारायच्या. कपडे पेटले तर पळायचं नाही. थांबायचं, आडवं व्हायचं, लोळायचं.

खरी काडी वर्गात पेटवू नका. आग विझवणं मुलांचं काम नाही, हे बजावा. दप्तरासाठी परत फिरायचं नाही, लिफ्ट वापरायची नाही. बाहेर आल्यावरच 101 किंवा 112 लावायचा. दर सत्रात एकदा उजळणी पुरे.