पाळी थांबली, आता हाडांकडे बघू या



बैठकीत व्यायामाचा विषय काढला की कुणीतरी हसून म्हणतंच, "बाई, आम्ही पहाटेपासून राबतो. आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" प्रश्न बरोबर आहे. या अंकात त्याचंच उत्तर शोधू.

हाड जिवंत असतं. जुनं झिजतं, नवं भरतं. आपल्या बचत खात्यासारखंच. साधारण तिशीपर्यंत जमा जास्त, पुढे हळूहळू काढणं. हा हिशेब सांभाळायला इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक मदत करतं. सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती कायमची थांबली असं समजतात. त्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची काही वर्षं हाडांची झीज एकदम वाढते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढलेल्या बहिणींना हे लवकर सुरू होतं. दुखत काही नाही, म्हणून कळतही नाही. मग एक दिवस अंगणात पाय घसरतो, हात टेकवला की मनगट मोडतं. खुबा मोडला तर बाई कित्येक महिने खाटेवर, आणि घरावर कर्ज.

मग कामातून व्यायाम होत नाही का? थोडा होतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे डोंगर चढून पाणी, सरपण आणणारीचे पाय भरपूर काम करतात. पण नंदुरबारच्या पथारीवर दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडले, तर अंग थकतं, हाडांना मात्र काही मिळत नाही. हाडाला उभ्याने पडणारा भार आणि स्नायूंचा ताण लागतो. म्हणून हे करा:

१. भरभर चालणं : रोज ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. दोघी-तिघी मिळून निघा.
२. टाचा उचलणं : भिंत धरून १० वेळा वर-खाली.
३. खाटेवरून हात न टेकता उठणं-बसणं : १० वेळा.
४. एका पायावर उभं राहणं : भिंतीला हात लावून, १० आकडे मोजेपर्यंत. याने तोल सुधारतो, पडणं टळतं.

नुसतं चालून हृदयाला आणि दमाला फायदा होतो. हाडांसाठी पुढचे तीन प्रकारही हवेतच. होळीला ढोलावर नाचता ना, तोही चांगला व्यायाम. तो वर्षातून एकदाच का?

खाण्याचंही बघा. पाळी थांबलेल्या बाईला रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. नागलीची भाकर, तीळ, शेवग्याचा पाला, दूध-ताक, काट्यासकट खायची सुकी मासळी, हे सगळं आपल्या बाजारात मिळतं. नागली विकून बिस्किटं आणू नका. थोडं उन्हात बसा. मिशेरी, तंबाखू सोडा, ती हाडंही पोखरते.

जपून : पाठ अचानक दुखू लागली, पोक येऊ लागलं, आधी कधी हाड मोडलं असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा. अशा बहिणींनी कमरेत वाकून जड हंडा उचलू नये. तो सुनेला किंवा मुलाला उचलू द्या, त्यात कमीपणा नाही. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर लाजू नका, लगेच डॉक्टरकडे जा.

या महिन्याचं काम : पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी १० मिनिटं सगळ्यांनी टाचा उचलायच्या. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकीची उंची भिंतीला उभं करून मोजायची आणि वहीत लिहायची. दर वर्षी पुन्हा मोजू. तरुणपणीपेक्षा दीड इंचाहून जास्त घट दिसली, तर मणका दबल्याची शंका घ्यायची आणि दवाखान्यात जायचं.

पैशाची नोंद आपण एक रुपया न चुकता ठेवतो. आता हाडांचीही ठेवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक