थट्टेतला इतिहास : धोंडीबाची व्हायवा

इतिहास म्हटला की सनावळ्या आठवतात आणि झोप येते. म्हणूनच तर आपण इंजिनिअरिंगला आलो! पण इतिहास थट्टेच्या वाटेनंही सांगता येतो आणि ती थट्टा नुसता टाइमपास नसते.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७ ते १९०१) इंग्लंडात अशी पुस्तकं निघत. गिल्बर्ट ॲबट अ बेकेट यानं १८४७-४८ मध्ये इंग्लंडचा विनोदी इतिहास लिहिला, चित्रं जॉन लीचची. राजेलोकांची खिल्ली उडाली, वाचक हसले, विषय संपला.

आपल्याकडे पुण्याच्या जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ मध्ये आलं. इथे विषय संपत नाही, सुरू होतो. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात आणि दशावतारांतल्या कथा एकेक करून तपासायला घेतल्या जातात. गणितात आपण 'समजा हे खरं आहे' असं धरतो आणि शेवटी विसंगती दाखवतो ना? अगदी तीच रीत. मत्स्यावतार खरा माना. मग माशाचं अंडं पाण्यात, माणसाचं मूल आईच्या पोटात, हा मेळ बसला कसा? जोतीराव म्हणतात, परके लोक लहान होड्यांतून माशासारखे झपाट्यानं आले, म्हणून त्यांच्या म्होरक्याला मत्स्य म्हणाले. पुढची टोळी संथ तरांड्यांतून आली, तो कच्छ.

कळस म्हणजे परशुरामाला पत्र! तारीख १ ऑगस्ट १८७२. तुम्ही चिरंजीव आहात ना, मग सहा महिन्यांच्या आत हजर व्हा, अशी रीतसर नोटीस. एवढी कडक नोटीस तर आपल्याला अटेंडन्सचीही येत नाही.

माझं गाव धावडा, तालुका भोकरदन. तेव्हा आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. बळीला फसवणारा वामन आम्ही लहानपणी 'देव' म्हणून ऐकला. पण दिवाळीच्या पाडव्याला आई ओवाळताना म्हणते, "इडा पिडा जावो, बळीचं राज्य येवो." हरलेल्याचं राज्य का मागायचं? हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. फुल्यांनी नेमकं हेच वाक्य पकडलं आणि बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं. कापूस विकून बापानं माझी फी भरली. त्याला 'बळीराजा' म्हणतात ते कुठून आलं, हे मला होस्टेलवर कळलं!

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. खंडोबा म्हणजे खंडाचा अधिकारी, म्हसोबा म्हणजे महासुभा, असंही फुले सांगतात. ऐकायला झकास, पण शब्द जुळले म्हणजे पुरावा झाला असं नाही. रीडिंग आधी ठरवून मग ग्राफ काढला तर सर जर्नल परत करतात, तोच नियम इथेही. धोंडीबाकडून शिकायचं ते प्रश्न विचारणं. त्यातून जोतीरावही सुटत नाहीत.

तर पुढच्या वेळी गावच्या पारावर कुणी इतिहास सांगायला लागला, तर हसा जरूर. पण हसून झाल्यावर एक प्रश्न विचारा. बघा जमतंय का!