पाणथळीत गेलेला चेंडू

प्रश्न : मी चंदीगडला सेक्टर 30 मध्ये राहतो. सुट्टीत पाणथळीतल्या रिसॉर्टच्या कोर्सवर गोल्फ खेळणार आहे. चेंडू लव्हाळ्यात गेला तर?

उत्तर : आधी पाणथळीच्या हद्दीवरच्या खुंटांचा रंग पाहा. लाल असेल तर एका फटक्याचा दंड घ्या आणि चेंडूने हद्द ओलांडली तिथून दोन क्लबांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप करा. पिवळ्याला ही सोय नाही, मागेच जावे लागते. 2019 पासून चेंडूमागे क्लब टेकवून तिथूनच खेळायचीही मुभा आहे. मात्र खुंटाचे टोक हिरवे असेल, तर तिथून खेळायचेच नाही. प्रवेशबंदी असेल तर चेंडू सोडून द्या. कारण प्रश्न पाखरांचाही आहे. तुमच्या चंदीगडचा सुखना तलाव 1958 चा, मानवनिर्मित. तरी हिवाळ्यात तिथे दूरदेशीची बदके उतरतात. नैसर्गिक पाणथळीत तर पाखरांची घरटी लव्हाळ्यातच असतात, ती तुडवू नका.