कूलर कोरडा आहे, अंडी जिवंत आहेत

मृगाच्या सरी आल्या, हवेत गारवा आला, की भिलाईतील बहुतेक घरांतला कूलर बंद होतो. काही घरांत त्याचे पाणी काढून टाकले जाते, काही घरांत ते आपोआप आटू दिले जाते. मग तो कूलर व्हरांड्यात, गच्चीवर किंवा क्वार्टरच्या मागील अंगणात पुढील मार्चपर्यंत तसाच उभा राहतो. पाणी नाही, म्हणजे डासांचाही प्रश्न नाही, असा सर्वसाधारण समज आहे. डेंग्यूच्या बाबतीत हा समज अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे सांगण्यासाठीच हे पत्रक काढले आहे.

डेंग्यूचा प्रसार करणारा मुख्य डास म्हणजे एडिस इजिप्ती. या डासाची मादी पाण्याच्या पृष्ठभागावर अंडी घालत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर ती एकेक अंडे चिकटविते. एका खेपेस ती सुमारे शंभर अंडी घालू शकते, आणि तीही बहुधा एकाच भांड्यात न घालता जवळपासच्या अनेक ठिकाणी विभागून घालते. अंडे घातले जाते तेव्हा पांढरे असते; काही तासांत ते काळे पडते. आकाराने ते मोहरीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान असल्यामुळे कूलरच्या गंजलेल्या पत्र्यावर ते सहसा नजरेस पडत नाही.

अंड्यात गर्भाची वाढ सुरू होताच त्याच्याभोवती आतून एक आवरण तयार होते. हे आवरण आतील ओलावा बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे भांड्यातील पाणी संपूर्ण आटले तरी अंडी मरत नाहीत. ती अनेक महिने, परिस्थिती अनुकूल असल्यास वर्षभराच्या आसपास, तग धरून राहतात. पुढे भांड्यात पाणी भरले, अंडी बुडाली, आणि पाण्यातील सूक्ष्मजंतूंमुळे तेथील प्राणवायू कमी होऊ लागला, की अंड्यांना फुटण्याची खूण मिळते. यातही एक मेख आहे. सर्व अंडी पहिल्याच भिजण्यात फुटत नाहीत. काही पहिल्या वेळी फुटतात, काही दुसऱ्या वा तिसऱ्या वेळेसाठी मागे राहतात. म्हणून उन्हाळ्याच्या प्रारंभी कूलर एकदा नुसता विसळून घेतला, एवढ्याने काम पुरे होत नाही.

ही युक्ती या डासाने आपल्या घरात शिकलेली नाही. तो मूळचा आपल्या देशातलाच नव्हे. त्याचे पूर्वज आफ्रिकेतील अरण्यांत झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढत. तेथील कोरड्या ऋतूत ढोली आटत. जी अंडी पुढील पावसापर्यंत टिकत, त्यांचाच वंश चाले. त्यांपैकी काही डास मनुष्यवस्तीजवळ आले आणि त्यांना ढोलीऐवजी पाण्याचे रांजण सापडले. पुढे गुलामांच्या व्यापाराच्या काळात, जहाजांवरील पिण्याच्या पाण्याच्या पिंपांतून, हा डास अटलांटिक महासागरापलीकडे गेला. आशियातील बंदरांत त्याने एकोणिसाव्या शतकात बस्तान बसविले, असे संशोधक मानतात. ढोल, रांजण, पिंप, टायर, कूलर: भांडे बदलत गेले, सवय तीच राहिली. आज तो मुख्यतः माणसाच्या रक्तावर जगतो, माणसाच्याच घरात पलंगाखाली व पडद्यामागे विसावतो आणि माणसाने साठविलेल्या पाण्यातच वाढतो.

हा रोग नेमका कोणता डास पसरवितो हे ठरण्यासही वेळ लागला. क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये पीतज्वराचा संबंध याच डासाशी जोडला होता. डेंग्यूच्या बाबतीत मात्र सुरुवातीला संशय दुसऱ्यावरच गेला. बैरूत येथील ग्रॅहम यांनी १९०३ च्या सुमारास डेंग्यू डासांमार्फत पसरतो असे मांडले. पण त्यांनी बोट दाखविले ते क्युलेक्स या, घाण पाण्यात वाढणाऱ्या डासाकडे. १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टर बँक्रॉफ्ट यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून एडिस इजिप्तीकडे लक्ष वेधले, आणि पुढील दहा-बारा वर्षांत ते मत पक्के झाले. ग्रॅहम यांची चूक शास्त्रात केव्हाच दुरुस्त झाली, आपल्या बोलण्यात मात्र ती टिकून आहे. डेंग्यूचा रुग्ण आढळला की आजही पहिले बोट गटाराकडे जाते. गटारे स्वच्छ असावीत यात शंका नाही. पण डेंग्यूचा डास शोधायचा तर स्वच्छ दिसणाऱ्या, स्थिर, घरातल्या पाण्यात शोधावा लागतो.

भारतात विषाणुशास्त्रीय तपासणीने सिद्ध झालेली डेंग्यूची पहिली साथ १९६३-६४ मध्ये कलकत्त्यात आली. महाराष्ट्राने याच डासाचे दुसरे रूप १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे पाहिले. तेथे चिकुनगुनियाची मोठी साथ झाली. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेली आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था या दोन्ही विषाणूंवर काम करते. देशभरातील ठरावीक शासकीय रुग्णालयांत डेंग्यूच्या निदानासाठी वापरले जाणारे प्रतिपिंड तपासणीचे संच याच संस्थेकडून पुरविले जातात.

भिलाईकरांना या डासाची ओळख पुस्तकातून करून देण्याची गरज नाही. २०१८ च्या पावसाळ्यात दुर्ग-भिलाई परिसरात डेंग्यूची मोठी साथ आली. खुर्सीपारसारख्या दाट वस्तीला तिचा विशेष तडाखा बसला, आणि दगावलेल्यांत लहान मुलेही होती. असे का व्हावे, हे या डासाच्या स्वभावावरून समजते. एडिस फार दूर उडत नाही. बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचे आयुष्य जाते. घराला घर लागून असेल आणि नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असल्यामुळे घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागत असतील, तर एका घरातील अळ्या दहा घरांचे आजारपण ठरतात. पाणी साठविणे हा कुणाचा गुन्हा नाही, ती गरज आहे. साठा झाकलेला असावा, एवढेच. मोठ्या बंगल्यातील गच्चीवरची उघडी टाकी किंवा शोभेच्या झाडाखालची ताटली या बाबतीत झोपडीतील पिंपाहून मुळीच निर्दोष नसते.

अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा असे सांगितले जाते, त्याचे कारण हेच. त्या दिवशी कूलरमधील पाणी पूर्ण काढावे आणि ते गटारात न सोडता कोरड्या, तापलेल्या मातीवर ओतावे. तेथे अळ्या मरतात. त्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे. टाकीच्या आतील चारही भिंती, कोपरे, पंपाची बैठक, आणि विशेषतः पाण्याच्या रेषेच्या वरचा चार बोटे पट्टा कडक ब्रशने, कपडे धुण्याची पूड लावून घासून काढावा. नुसते पाणी मारल्याने अंडी सुटत नाहीत, ती खरवडूनच काढावी लागतात. हंगाम संपल्यावर कूलर असाच घासून, पुसून, उलटा किंवा झाकून ठेवावा. गवताच्या जुन्या ताट्या पुढील वर्षासाठी जपून ठेवू नयेत, कारण ओलसर ताट्यांतही अंडी राहू शकतात.

कूलरबरोबरच फ्रिजच्या मागील ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे, गच्चीवरील टायर आणि फुलदाणी हीदेखील पाहावीत. अळ्या आहेत की नाहीत, हे ओळखणे सोपे आहे. पाण्यावर एकदम टॉर्चचा प्रकाश टाकावा. अळ्या असतील तर त्या वळवळत तळाकडे पळतात.

गप्पी मासे सोडण्याचा उपाय अनेकांना ठाऊक आहे आणि बंद हौदात तो उपयोगी पडतो. तथापि गप्पी आणि गंबुसिया हे दोन्ही मासे परदेशातून आणलेले आहेत. गंबुसिया तर जगातील अत्यंत उपद्रवी परक्या प्रजातींत गणला जातो. तलावात गेल्यास तो स्थानिक माशांची अंडी व पिले खातो. म्हणून हे मासे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच आणि बंदिस्त पाण्यातच सोडावेत, तलावात वा नदीत नव्हे. एक परका डास आवरताना दुसरा परका प्राणी मोकळा सोडण्यात शहाणपण नाही.

धूरफवारणीची मागणी वारंवार होते. धुराने उडते डास मरतात. भिंतीवरच्या अंड्यांना व पाण्यातील अळ्यांना काहीही होत नाही. शिवाय हा डास घरात लपतो, आणि आपण मात्र धुराची गाडी आली की दारे-खिडक्या लावून घेतो. अन्न-पाणी झाकून, त्या वेळी दारे उघडी ठेवावीत. दमेकऱ्यांनी व लहान मुलांनी तेवढा वेळ दूर थांबावे.

संशोधन अन्य दिशांनीही चालू आहे. वोल्बाकिया नावाचा जिवाणू डासाच्या शरीरात असेल तर डेंग्यूचा विषाणू तेथे नीट वाढत नाही. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात असे डास सोडून केलेल्या चाचणीत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटले. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरी येथील केंद्रानेही असे डास प्रयोगशाळेत तयार केले आहेत. भारतात विकसित केलेल्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. यांपैकी काहीही आपल्या घरातील ब्रशची जागा आज घेत नाही.

आता तापाविषयी. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार तीव्र होण्याची शक्यता वाढते. एकदा होऊन गेला, आता भीती नाही, असे कुणी समजू नये. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणी आणि त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी उपयुक्त ठरते. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे रक्तस्राव वाढवू शकतात. ती स्वतःहून घेऊ नयेत.

सर्वाधिक धोका बहुधा ताप उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान ताप ओसरतो, घरातील माणसे निश्चिंत होतात, आणि त्याच २४ ते ४८ तासांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, अस्वस्थता किंवा विलक्षण सुस्ती यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. लोक प्लेटलेटच्या आकड्याकडेच डोळे लावून बसतात. डॉक्टर मात्र रक्त किती घट्ट झाले आहे, नाडी व रक्तदाब कसे आहेत, हेही पाहत असतात. रुग्णाला पाणी, ताक, पेज, मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे सतत द्यावे. दर चार ते सहा तासांनी लघवी होते की नाही, हे घरच्यांनी लिहून ठेवावे आणि तो कागद डॉक्टरांना किंवा घरी येणाऱ्या मितानिनला दाखवावा.

तापाच्या दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो, आणि एडिस दिवसा चावतो. म्हणून रुग्णाच्या खाटेवरील मच्छरदाणी दिवसाही लावलेली असावी.